काडी चावणारे डॉक्टर

"विळे खाली! आधी विळे खाली ठेवा! त्याच्या काडीत अजून जेवण आहे!"

डॉक्टर बांधावरून ओरडत येत होते. आणि ओरडणं तरी कसलं! खारफुटीतले झाडून सगळे बगळे उठून उरणच्या दिशेने गेले आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांतले निम्मे अजून परतलेले नाहीत. डॉक्टरांच्या एका पायात गमबूट होता. दुसरा वाटेतल्या चिखलाने ठेवून घेतला होता. हातात काळी छत्री, ती मिटलेली, आणि ती त्यांनी तलवारीसारखी पुढे धरलेली.

कापणीला उतरलेल्या सहा बायका जागच्या जागी थिजल्या. केंद्राचे प्रमुख साहेब बांधावर उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

"डॉक्टर, जरा डोळे उघडून बघा," साहेब म्हणाले. "खारं पाणी दोन दिवस तुंबून होतं. पानं होरपळलीत. दाण्यात नुसतं दूध आहे. आज कापलं तर निदान गुरांना वैरण तरी होईल."

"पानं म्हणजे भात नव्हे, साहेब! स्वयंपाकघर जळलं म्हणून फडताळातले लाडू जळत नाहीत!"

एवढं बोलून डॉक्टर भाताच्या त्या तुकड्याच्या मधोमध गेले, मांडी घालून चिखलात बसले आणि त्यांनी छत्री उघडली. "आता माझ्यासकट कापा," म्हणाले.

बायकांतली एक पदराआड खुदकन हसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, मग विचारलं, "किती दिवस?"

"वीस."

"आणि नाही भरला दाणा तर?"

"तर हिराकाकींना तोंड दाखवायला तुम्ही जाऊ नका. मी जाईन."

साहेब निघून गेले. बायकांनी विळे कमरेला खोचले. आणि तिथे सातवा विळा हातात धरून जो माणूस उभा होता, ज्याला तो तुकडा कापून, पेंढ्या बांधून, पुरावा म्हशींच्या पोटात घालायची सगळ्यांत जास्त घाई होती, तो मी. कारण खाडीचं पाणी त्या भातात कोणी घेतलं, हे अख्ख्या पनवेल तालुक्यात एकट्या मलाच माहीत होतं. निदान तेव्हा मी तसं धरून चाललो होतो.

ही गोष्ट एक्सप्रेसवे नवा कोरा होता तेव्हाची. पनवेलबाहेर खाडीच्या कडेला आमचं भाताचं केंद्र होतं. मी तिथे रोजंदारीवर शेतमदतनीस होतो, पण स्टँडवर कोणी विचारलं तर "सायंटिस्ट" सांगायचो. डॉक्टर मात्र खरेखुरे होते. त्यांची डॉक्टरकी भाताच्या काडीतली. पण आसपासच्या गावांना एवढं बारीक कोण सांगणार? लोक ताप घेऊन यायचे, खोकला घेऊन यायचे. एक आजोबा तर गुडघा घेऊन आले होते. डॉक्टर कुणालाच परत पाठवायचे नाहीत. हिरवी काडी तोडून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "चावा. गोड लागतेय? मग घाबरण्यासारखं काही नाही." आजोबा महिन्याने पुन्हा आले ते चालत आले, आणि आणखी चार गुडघे बरोबर घेऊन आले.

चावणं हा डॉक्टरांचा श्वास होता. सकाळी शिवारात शिरले की ह्या तुकड्यातली एक काडी, त्या तुकड्यातली एक, अशा चावत चावत ते ऑफिसात पोचायचे तेव्हा मिशीला कोंडा लागलेला असायचा. डोळे मिटून ते सांगायचे, "तीन नंबर. पोटरीत आलंय, लोंबी अजून आतच आहे. खालच्या दोन पेरांत साठा झालाय. वरचं पेर अजून रिकामं." मी एकदा खोडी काढायची म्हणून तीन नंबरच्या काडीच्या जागी आठ नंबरची दिली. त्यांनी ती चावली, माझ्याकडे पाहिलं, आणि अख्खा दिवस मला आठ नंबरमध्ये तण काढायला लावलं. बोलले काहीच नाहीत.

हे बोलले काहीच नाहीत, ते जरा लक्षात ठेवा.

त्यांचं सांगणं एकच, आणि ते ऐकायला माणूस, म्हैस किंवा विजेचा खांब, काहीही चालायचं. पानं उन्हात साखर करतात. लोंबी बाहेर पडायच्या आधी ती खायला कोणी नसतं, म्हणून भात ती साखर काडीत नेतो आणि तिथे पिठूळ करून ठेवून देतो. लोंबी निसवली, दाणे धरले, की त्या पिठाची पुन्हा साखर होते, आणि ती काडीतून वर चढून दाण्यात जाऊन बसते.

"पण चढते कशी, डॉक्टर?" मी एकदा विचारलं. "तिला पाय आहेत का?"

त्यांनी मला थेट पनवेल स्टँडवर नेलं. तिथे कोन गावाला जाणारी एक विक्रम भरत होती. तुम्हाला ती सहा आसनी रिक्षा माहीत असेल. मी स्वतः तीत सतरा माणसं मोजली आहेत, कोंबड्या वेगळ्या. डॉक्टरांनी मला तीत शेवटचा कोंबला आणि स्वतः मागून ढकलत राहिले. मी एक रेटा दिला आणि पुढच्या टोकाला ड्रायव्हरशेजारचा एक इसम अलगद बाहेर पडला.

"बघ!" डॉक्टर ओरडले. "ह्या टोकाला साखर भरली की पाणी तिच्यामागे धावत आत येतं. दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला दाणा साखर उतरवून घेतो, तिथे जागा होते. झालं! सगळं आपोआप तिकडे सरकतं. ढकलणारा नको, ओढणारा नको!"

"ओ डॉक्टर," बाहेर पडलेला इसम म्हणाला, "मला कोनला उतरायचं होतं, हितं नाय."

त्यांचा दुसरा नाद म्हणजे तुडतुडे. भाताचा रस शोषणारा हा किडा. पलीकडच्या खोलीत साहेब त्यावर फवारणीचे प्रयोग करत, आणि अलीकडच्या खोलीत डॉक्टर त्यालाच मच्छरदाणीत पाळत. का? तर तुडतुडा आपली सुईसारखी सोंड नेमकी साखरेच्या नळीत खुपसतो. बाहेरून चाकूने कापायला गेलं तर ती नळी घाबरून तोंड मिटते, पण तुडतुड्याला ती फसते. मग डॉक्टर श्वास रोखून, दाढीच्या अर्ध्या ब्लेडने, किडा पीत असतानाच त्याची सोंड कापायचे. किडा उडून जायचा, सोंड काडीत राहायची, आणि तिच्या टोकावर भाताच्या आतला एक थेंब फुगायचा. राईच्या दाण्याहून लहान. तो थेंब भिंगातून मला दाखवताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. "ही वाटेवरची साखर," म्हणायचे. एका थेंबासाठी शंभर वेळा हात हुकायचा. मला तर दिवसभरानंतर घरी जेवतानाही श्वास रोखून घास घ्यायची सवय लागली होती.

आता हिराकाकी. खाडीपल्याडच्या गावच्या, साठीच्या, आवाज डॉक्टरांच्या तोडीचा. त्यांच्या खाऱ्या शेतात पिढ्यानपिढ्या एक तांबडा भात व्हायचा. मिठाला दाद न देणारा. पण गावातली शेतं एकामागून एक भरावाखाली गेली, ज्यांनी हा भात लावायचा त्यांच्या अंगणात आता टेंपो उभे होते, आणि तांबड्या भाताचं बियाणं उरलं ते फक्त हिराकाकींच्या डब्यात. शेरभर. त्यातही उंदरांचा वाटा होता. त्या वर्षी त्या डबा घेऊन आमच्याकडे आल्या.

"डॉक्टर, ह्यो वाढवून द्या. माज्या भावाची खाडीकडली जमीन हाय, फुडल्या वर्सी तितं लावीन. पन मना बी परत पायजे. ह्याच्याबिगर दुसरा नाय कुटं."

डॉक्टरांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. शेरभर बियाण्याचा एक छोटा तुकडा आम्ही लावला, अगदी उघाडीजवळ, कारण त्या भाताला तिथलीच जमीन मानवते.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरती आली की बाहेरचं पाणी ते दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं. माणसाने त्यात काही करायचं नसतं. माणसाने काही केलं की काय होतं, ते आता सांगतो.

त्याच सुमारास उरणला माझं लग्न ठरत होतं. होणारे सासरे कोळी, अख्खा जन्म समुद्रावर गेलेला. पहिल्याच बैठकीत मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोलून गेलो, "आमच्या उघाडीत जिताडे असे लोळतात. पुढच्या वेळी एक आणतो. हा एवढा." आणि मी हात पसरले. सासऱ्यांनी माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत नजर नेली, मग खिडकीबाहेर समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "आना."

जन्मभर मासे ओढलेल्या माणसाला मासा नेऊन दाखवायचं कबूल करणारा मूर्ख रायगड जिल्ह्यात एकच झाला. अमावास्येची मोठी भरती होती. जिताडा भरतीबरोबर आत येतो, ओहोटीला जाळ्यात सापडतो. मी काय केलं, तर पाणी मोजायचा आमचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बांबू उघाडीच्या फटीत आडवा घातला, दार उघडं ठेवलं, आत जाळं लावलं, आणि तासाभराने येतो म्हणून स्टँडवर चहाला गेलो. चहावर गप्पा लागल्या. जिताड्याच्याच. मी परत आलो तेव्हा आतला बांध कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि हिराकाकींचा तांबडा भात कमरेभर खाडीत उभा होता. नुकता फुलून गेलेला, कोवळा दाणा धरलेला.

जाळ्यात दोन चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, मिळाल्या. त्यातली एक माझ्या अंगठ्याला मिळाली.

मी घाबरून घरी पळालो. दुसऱ्या दिवशी साहेबांबरोबर उघाडी बघायला गेलो तेव्हा बांबू गायब. दार सरळ. ओहोटीने वाहून नेला, देव पाठीशी आहे, असं म्हणून मी मनातल्या मनात नारळ बोललो. तोंडाने म्हणालो, "खेकड्यांनी बांधात बीळ पाडलंय, साहेब." साहेबांनी तसंच लिहिलं. मला वाटलं, सुटलो. पण रात्री डोळे मिटले की हिराकाकींचा डबा दिसायचा.

छत्रीचा तमाशा झाला त्याच दुपारी हिराकाकी आल्या. बातमी त्यांना कापणीच्या बायकांनी पोचवली होती.

"काय जालं माज्या भाताला?"

"खारं पाणी शिरलं, काकी," डॉक्टर म्हणाले.

"कसा शिरला? उघाडी काय झोपली व्हती?"

मी पुढे सरसावलो. "खेकड्याने बीळ केलं, काकी."

"केवरा खेकडा?"

मी हात पसरले. ती सवयच.

"ह्यो खेकडा नाय रं, ही म्हस हाय," काकी म्हणाल्या.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे एकवार पाहिलं आणि काकींना बांधावर बसायला गोणपाट दिलं.

मग ते वीस दिवस. तळ्यातलं गोडं पाणी पंपाने ओढून आम्ही तो तुकडा तीनदा धुतला. पंप जुना होता, पाण्यापेक्षा धूर जास्त ओढायचा. रोज सकाळी डॉक्टर एक काडी कापायचे, तिच्या पेरांच्या पातळ चकत्या करायचे आणि त्यांवर टिंक्चर आयोडीन टाकायचे. पिठूळ साठा असेल तिथे चकती जांभळासारखी काळी पडते. ते इतकं टिंक्चर विकत घ्यायला लागले की बाजारातले औषधवाले भाईजान काळजीत पडले. "डॉक्टरसाहेब, घरात सगळी खैरियत ना? एवढं कुणाला लागलंय?"

"भाताला," डॉक्टर म्हणाले. भाईजाननी बाटल्या मुकाट्याने बांधून दिल्या. वर कापूस फुकट दिला.

पहिल्या दिवशीच्या चकत्या काळ्याकुट्ट होत्या. डॉक्टर नाचले. शब्दशः नाचले, एका गमबुटावर. "भरलंय फडताळ! खारं पाणी आलं पानांवर, हे आतच आहे!" सहाव्या दिवशी चकत्या तपकिरी झाल्या. दहाव्या दिवशी फिक्या. काचा खिडकीत ओळीने मांडलेल्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत.

"साठा उतरतोय," मी म्हणालो.

"उतरत नाही, चढतोय," डॉक्टर म्हणाले.

"वर पोचतोय हे कशावरून?" दारातून साहेब म्हणाले. "काडी रिकामी झाली एवढंच दिसतंय. मुळांनी खाऊन टाकली असेल. काडीने स्वतःच जगायला वापरली असेल."

प्रश्न खरा होता. त्या दिवसापासून डॉक्टर काडी चावायचे पण काही सांगायचे नाहीत. छत्री घेऊन तुकड्याच्या कडेला बसून राहायचे. हिराकाकी एक दिवसाआड विक्रमने यायच्या. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायच्या, अर्धी डॉक्टरांना, अर्धी मला. मी माझी अर्धी भाकरी हातात फिरवत बसायचो. काकी म्हणायच्या, "खा रं. तुजी काय चुकी?" आणि चटणी अजूनच तिखट लागायची.

तेराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. एक लोंबी ओढून त्यातला दाणा माझ्या हातावर ठेवला. "दाब."

मी नखाने दाबला. आधीच्या आठवड्यात दाबला की दुधाची चिळकांडी उडायची. आज उडाली नाही. कणकेसारखं काहीतरी नखाला लागलं.

"अजून चार दिवस," डॉक्टर म्हणाले. आवाज तुडतुड्याचा थेंब दाखवताना असायचा तसा होता.

सतराव्या दिवशी त्यांनी दाणा माझ्या दातांखाली दिला. मी चावला. कट्! असा आवाज आला. मी सांगतो, तो एक्सप्रेसवेवर ऐकू गेला असेल. काडीवर जळून कोळसा झालेली पानं, आणि टोकाला मान वाकवलेली तांबडी लोंबी. सगळे दाणे भरले नव्हते. पळंज, म्हणजे नुसती पोकळ टरफलं, पुष्कळ होतं. पण जे भरले होते ते काडीने स्वतःला रिकामं करून भरले होते.

विसाव्या दिवशी बायका पुन्हा विळे घेऊन आल्या. या वेळी कोणी ओरडलं नाही. झोडपून, पाखडून तीन पायल्या भात निघाला. साहेबांनी मूठभर हातात घेतला, वाऱ्यावर धरला, पुन्हा सुपात टाकला. "लिहून ठेवतो," म्हणाले. साहेबांच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच. पण डॉक्टरांना घाई नव्हती. बी उगवतं का, ते बघायचं होतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. काकी चौथ्या दिवशी सकाळीच येऊन बसल्या.

डॉक्टरांनी गोणपाट उलगडलं. पांढरे मोड. इथून तिथे पांढरे मोड. न उगवलेले दाणे एका हाताच्या बोटांवर मोजून झाले.

काकींनी एक मोडाचा दाणा बोटावर घेतला, डोळ्याजवळ नेला. "बारीक जालाय," त्या म्हणाल्या. "पन जिता हाय." मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डॉक्टरांच्या पाठीत असा धपका घातला की त्यांच्या तोंडातली काडी उडून खिडकीत पडली. मला रडू आलं. डोळे आलेत म्हणून मी सगळ्यांना सांगितलं आणि ते पटावं म्हणून दोन दिवस काळा चष्मा लावून फिरलो.

काकी डबा घेऊन गेल्या. पुढच्या वर्षी भावाच्या जमिनीत त्यांनी तो भात लावला, आणि त्यातला शेरभर आमच्या केंद्रात परत आणून दिला, "तुमच्याबी फडताळात ऱ्हाऊद्या" म्हणून.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. मोड आले त्या रविवारी मी विचुंब्याला डॉक्टरांच्या घरी गेलो. नव्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, मागे चार हातांची बाग. जाताना अख्ख्या रस्त्यात मी भाषण पाठ केलं होतं. त्यात माझं बालपण होतं, सासरे होते, जिताड्याचं वर्णन होतं, शेवटी नोकरी सोडायची तयारी होती.

डॉक्टर पाठमोरे वेलापाशी उकिडवे बसले होते. घेवड्यावर मावा पडला होता आणि ते भिंगातून कौतुकाने त्याच्या सोंडा बघत होते. मी मागे उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं भाषण त्या घटकेला उडालं.

"डॉक्टर, ते खेकड्याचं बीळ नव्हतं," मी म्हणालो. "उघाडी मी उघडी ठेवली होती. बांबू घालून. जिताड्यासाठी."

त्यांनी भिंगावरचा डोळा काढला नाही.

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तो बांबू आत्ता मागू नकोस. घेवडा चढलाय त्यावर. संक्रांतीनंतर घेऊन जा."